दुसऱ्याची क्लिप वापरताय? आधी 'फेअर यूज'ची फाइल तयार ठेवा

'फेअर यूज' म्हणजे मालकाची परवानगी न घेताही त्याचं काम मर्यादित वापरण्याची कायद्यातली मुभा. एडिटिंगला बसण्याआधी एक कोरी फाइल उघडा आणि लिहा: हा तुकडा मला कशासाठी हवाय? 'व्हिडिओ जरा भारी दिसेल' एवढंच उत्तर असेल तर क्लिप सोडून द्या. तिच्यावर टीका करायची असेल, तिची टर उडवायची असेल किंवा त्यातलं काही समजावून सांगायचं असेल, तर पुढे चला. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०७ या मुभेसाठी चार कसोट्या लावतं, त्यातली ही पहिली. 'मी पैसे कमवत नाही' हा मुद्दा कामाला येतो, पण तेवढ्यावर सुटका नाही. खाली श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

मूळ काम माहितीपर आहे की कथा-कविता, तेही नोंदवा. कल्पनेतून आलेल्या कामाला कोर्ट जास्त जपतं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुद्दा: किती घ्यायचं? 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' हे सर्रास ऐकू येतं. कायद्यात असा आकडाच नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आठवणींचं पुस्तक बाहेर येण्याआधीच एका साप्ताहिकाने त्यातले जेमतेम तीनशे शब्द उचलले आणि १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात ते हरलं. कारण उचललेला भाग म्हणजे पुस्तकाचा गाभा होता. उलट १९८४ मध्ये त्याच कोर्टाने टीव्हीवरचा अख्खा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं योग्य ठरवलं. म्हणून सेकंद मोजत बसू नका. प्रत्येक तुकड्यापुढे तो का लागतोय ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचत नसेल तिथे कात्री लावा.

मग बाजार. तुमचं बघून कुणी मूळ विकत घ्यायचं टाळेल का? 'हो' असेल तर बाकीच्या तीन कसोट्याही तुम्हाला वाचवतील याची खात्री नाही.

क्लिप कुठून घेतली, कधी घेतली, परवाना मागितला असेल तर ते मेल, सगळं त्याच फाइलमध्ये टाका. उद्या मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ उतरवला गेला तर प्रतिनोटीस, म्हणजे त्या तक्रारीला प्लॅटफॉर्मकडे लेखी उत्तर, देता येते. तिच्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि 'चुकून काढलं गेलं' हे शपथेवर सांगावं लागतं. समोरच्याने दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत व्हिडिओ परत यायला हवा. आणि हो, हे सगळं अमेरिकी कायद्याचं. भारतात १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ लागतं. त्यात सवलती नावानिशी दिल्या आहेत, ती यादी वेगळी वाचा.