टू हार्बर्सला लोहखनिज भरायला येणारे जहाज कसे पाहावे

मिनेसोटात राहणारी, किंवा उन्हाळ्यात मुलांकडे येणारी, बहुतेक मराठी मंडळी सुपीरियर सरोवरातील जहाजे पाहायला डुलुथला जातात. तेथील वर उचलल्या जाणाऱ्या पुलाखालून जहाज अगदी जवळून जाते आणि ते दृश्य भव्यच असते. पण काही मिनिटांत जहाज पुढे निघून जाते आणि ते धक्क्याला कसे लागते, त्यात माल कसा भरला जातो, हे पाहायचे राहून जाते. ज्यांना ते पाहायचे आहे त्यांनी डुलुथच्या ईशान्येला सुमारे ४३ किलोमीटरवर असलेल्या टू हार्बर्स या लहान गावी जावे. १८८४ साली मिनेसोटाचे लोहखनिज पहिल्यांदा जहाजातून रवाना झाले ते येथूनच. येथील १८९२ च्या लाल विटांच्या दीपगृहाजवळून ब्रेकवॉटर बंधाऱ्यावर पायी जाता येते आणि समोरच खनिजाचे उंच धक्के दिसतात.

निघण्यापूर्वी हंगाम पाहावा. सुपीरियर सरोवरातून खालच्या सरोवरांत उतरताना सू येथे जलपाशे, म्हणजे जहाजांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे असलेले कालवे, लागतात; ती साधारण १५ जानेवारी ते २५ मार्च या काळात बंद असतात आणि त्या दिवसांत खनिज खालच्या सरोवरांकडे जाऊच शकत नाही. एरवी मरीन ट्रॅफिकसारख्या ॲपवर जहाज कोठे आहे आणि कोठे निघाले आहे ते दिसते. मात्र त्यावरील पोहोचण्याची वेळ ब्रह्मवाक्य मानू नये. वारा, धुके किंवा धक्क्यावर आधीच लागलेले दुसरे जहाज यांमुळे ती सहज काही तासांनी पुढे सरकते. म्हणून सोबत डबा, पाणी, दुर्बीण आणि जुलैतही एक जाड जॅकेट ठेवावे, कारण या सरोवरावरून येणारा वारा भर उन्हाळ्यातही बोचतो. लाटा बंधाऱ्यावर चढत असतील तर बंधाऱ्यावर मुळीच जाऊ नये. काठावरूनही पुष्कळ दिसते.

जहाज क्षितिजावर दिसू लागले की त्याच्या उंचीकडे लक्ष द्यावे. ते रिकामे येत असल्यामुळे पाण्याच्या बरेच वर तरंगते, आणि एरवी बुडालेला बाजूचा रंग उघडा पडलेला असतो. पूर्ण रिकामे मात्र ते नसते: पंखा पाण्याखाली राहावा आणि वाऱ्यात जहाज आवरता यावे म्हणून टाक्यांत बॅलास्टचे पाणी भरलेले असते. ‘एडविन एच. गॉट’ हे येथे खनिज भरणाऱ्या मोठ्या जहाजांपैकी एक. लांबी १,००४ फूट, रुंदी १०५ फूट. एवढे धूड बंधाऱ्याच्या तोंडातून माणसाच्या चालीने आत येते आणि बहुतेक वेळा टगच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीच्या, मदतीशिवाय धक्क्याला लागते. हे कसे जमते ते पाहायचे तर नाळेजवळचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचे, पाणी पाहावे. जहाजाच्या आडवे बसवलेले थ्रस्टर, म्हणजे टोक बाजूला ढकलणारे पंखे, सुरू झाले की तेथे पाणी उकळल्यासारखे खदखदते आणि जहाजाचे टोक हळूहळू बाजूला सरकू लागते. माझ्या मते संपूर्ण भेटीतला हा सर्वांत देखणा भाग आहे आणि त्यासाठी एक तास आधी येऊन थांबणे योग्यच आहे.

जहाज दोरांनी बांधले गेले की पुष्कळ लोक परत फिरतात. तसे करू नये. डेकवर रुळांवरून सरकणारी एक क्रेन एकेक झाकण उचलून बाजूला ठेवते. मग धक्क्यावरील कन्व्हेयर पट्टे बाहेर येऊन उघड्या खणांवर थांबतात आणि टॅकोनाइटच्या गोळ्या खाली कोसळू लागतात. टॅकोनाइट हा मुळात कमी लोह असलेला कठीण दगड. तो दळून, चुंबकाने लोह वेगळे करून, त्या भुकटीच्या गोळ्या वळून भट्टीत भाजतात. तयार गोळीत सुमारे ६५ टक्के लोह असते. अशी एखादी गोळी तळहातावर घेऊन पाहिली तर ती साधारण खेळायच्या गोटीएवढी, गंजाच्या रंगाची आणि आकाराच्या मानाने जड वाटते, आणि बोटांवर तिची तांबूस पूड राहते. मांडवीतून खनिजाचे बार्ज जाताना पाहिलेल्या गोवेकरांना तो रंग लगेच ओळखता येईल. पहिल्या गोळ्या रिकाम्या तळावर पडतात तेव्हा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येतो. खण भरत गेला की तो मंदावतो.

त्याच वेळी जहाजाच्या कुशीतून पाण्याचे जाड लोट बाहेर पडताना दिसतील. ती गळती नव्हे. जितके खनिज आत येते त्या बेताने बॅलास्टचे पाणी बाहेर सोडले जाते. एकच खण आधी काठोकाठ भरत नाहीत, कारण मग जहाजाचा लांबलचक सांगाडा वाकेल. ठरलेल्या क्रमाने सर्व खणांत थोडे थोडे खनिज टाकत जातात.

भरण्याला अनेक तास लागतात, म्हणून मधे गावात जेवून यावे. जाण्यापूर्वी मात्र नाळेवर फुटांत रंगवलेले आकडे दुर्बिणीने वाचून टिपून ठेवावेत आणि परतल्यावर पुन्हा पाहावेत. हजारफुटी जहाज एक इंच खाली जायला दोनशे टनांहून अधिक खनिज लागते, आणि शेवटच्या तासात मेटची, म्हणजे भरण्यावर देखरेख करणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्याची, सारी नजर याच इंचांवर असते, कारण पुढे खालच्या सरोवरांकडे जाणाऱ्या सेंट मेरीज नदीत पाण्याची खोली मोजकीच आहे. पट्टे मागे सरले, झाकणे बसली आणि दोर सुटले की जहाज निघते. तेव्हा भोंग्याचे तीन लांब आणि दोन आखूड स्वर ऐकू आले, तर तो सरोवरातील जहाजांचा मानाचा सलाम आहे असे समजावे.