ऐंशीच्या पुढे कॅन्सरचं ऑपरेशन? खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

सुरगाणा-पेठपासून सिन्नरपर्यंतचे पेशंट ऑपरेशनला नाशिकला येतात आणि घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात, शुगर किती, बीपी किती, हार्टला झेपेल का. वजन किती उतरलं हे मात्र कुणी काढतच नाही.

"वय झालं, खाणं कमी होणारच" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सहा महिन्यांत १० टक्क्यांच्या वर वजन गेलं, म्हणजे ५५ चे ४९ किलो झाले, तर ते वयावर ढकलू नका, डॉक्टरांना आकडा सांगा. काटा नसेल तर आजीच्या पाटल्या कोपराकडे सरकतात का बघा. जखम भरायला, खोकून कफ काढायला, उठून चालायला अंगात स्नायू लागतो, तो नसला की टाक्यात पू होणं, आतड्याचा जोड लीक होणं, न्यूमोनिया हे सगळं वाढतं. आणि जाड दिसणाऱ्या माणसाचेही स्नायू झिजलेले असू शकतात बरं का.

मग सुरू होतं वरणाचं पाणी, पेज, मोसंबीचा ज्यूस आणि "एक सलाईन लावा ना". ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, जेमतेम शंभर कॅलरी आणि प्रोटीन शून्य! ५० किलोच्या पेशंटला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन लागतं, एका अंड्यात मिळतं ६ ग्रॅम. म्हणून घट्ट वरण, दही, पनीर, अंडी, शेंगदाण्याचा कूट, थोडं थोडं पाच-सहा वेळा, दात नसतील तर मिक्सरमधून (किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून). माळकरी आजोबांची एकादशी तेवढी महाराजांकडूनच सोडवून घ्या, घरच्यांचं ते ऐकत नाहीत.

"उद्याच काढून टाका" ही घाईपण नको. कुपोषण जास्त असेल तर आधी ७ ते १४ दिवस पोषण देऊन मग ऑपरेशन, कॅन्सर असला तरी, असं युरोपियन गाइडलाइन सांगते. आतडं बंद पडलंय किंवा रक्तस्राव होतोय तर गोष्ट वेगळी. पण बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम घसरून जिवावर बेततं. रिपोर्टमध्ये अल्बुमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३ च्या खाली असेल तर चार दिवस प्रोटीन पावडर पाजून ते वर येत नाही, शरीरातल्या सुजेनेही ते कमी होतं.

आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, हेही जुनं झालं. बहुतेकांना जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तुमच्या पेशंटचं भूलतज्ज्ञांना विचारा. नंबर पुढे ढकलला तर लगेच सिस्टरला विचारायचं, आता काय देऊ, नाहीतर आजी संध्याकाळपर्यंत तशाच उपाशी राहतात.