व्होल्टेज मोजण्याआधी: लाल वायर कुठे आहे?

मल्टिमीटरची लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघा. बाकी सगळं नंतर. काळी कॉम (COM) लिहिलेल्या भोकात, लाल व्होल्ट-ओहमच्या (VΩ) भोकात. १० अँपिअर लिहिलेल्या भोकात नाही. मागच्या खेपेला करंट मोजून झाल्यावर ती तिथेच राहिली, बॅटरीला प्रोब टेकवताच ठिणगी उडाली आणि प्रोबचं टोक काळं पडलं. त्या भोकामागे रोध इतका कमी असतो की ते शॉर्ट केल्यासारखंच. डायल व्होल्टवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक मीटरमध्ये डायलमुळे तो शॉर्ट सुटत नाही. शिवाय बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो.

स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर सेल बदला. सेल उतरला की मीटर बंद पडेलच असं नाही. काही मीटर आकडा चक्क वाढवून दाखवतात आणि आपण सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. डायल बझरवर ठेवून प्रोब एकमेकांना टेकवा आणि बझर वाजवा, वाजत असताना वायर मुळाशी हलवा. आवाज तुटला तर ती वायर फेकून द्या. चिकटपट्टी लावून वापरू नका.

मग एसी की डीसी. डीसीवर ठेवून मेन्स (घरातली एसी लाइन) मोजलात तर शून्याच्या आसपास काहीतरी दिसेल आणि लाइन मात्र जिवंत असेल. रेंज हाताने निवडायची असेल तर वरून खाली या, पण वरच थांबू नका. समजा मीटरची अचूकता ±(०.५ टक्के + २ अंक) आहे आणि मोजायचे आहेत १२ व्होल्ट. अंक म्हणजे स्क्रीनवरच्या शेवटच्या आकड्याची एक पायरी, रेंज मोठी तशी ही पायरीही मोठी. २० च्या रेंजवर चूक फार तर ०.०८ व्होल्ट, २०० वर ०.२६, आणि १००० वर २ व्होल्टच्याही वर. मीटर तेच, सर्किट तेच.

आता प्रोब लावणार? लाल वायर पुन्हा बघा. हो, पुन्हा.

आकडा आला तरी लगेच मान्य करू नका. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले तर मधे ५ व्होल्ट हवेत, मीटर दाखवेल ४.७६. चूक सर्किटची नाही, मीटरच्या भाराची आहे. उलट कुठेही न जोडलेल्या वायरवर शेजारच्या लाइनमुळे भलताच एसी व्होल्टेज दिसतो, त्यालाही भुलू नका. डिमर किंवा इन्व्हर्टर असेल तर ट्रू आरएमएस मीटरच, म्हणजे लाट वेडीवाकडी असली तरी बरोबर आकडा दाखवणारा, घ्या.

मेन्सवर मीटरचं कॅट रेटिंग (कुठल्या प्रकारच्या लाइनवर तो सुरक्षित आहे ते) बघा, बोटं प्रोबच्या कडेमागे. करंट मोजला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. लाइन बंद केल्यावर शून्य आलं तर तोच मीटर चालू असलेल्या दुसऱ्या लाइनवर लावून बघा. तिथे आकडा आला तरच शून्य खरं.