पूर्ण पृथ्वीच्या फोटोचा फलक करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत पृथ्वीच्या फोटोचा एक फलक हमखास लागतो. फोटो देखणा असतो, पण खालची ओळ बऱ्याचदा चुकते: ‘अंतराळ स्थानकातून टिपलेली संपूर्ण पृथ्वी’.

हे होऊच शकत नाही. स्थानक फिरतं साधारण 400 किमीवरून. वर्गातला 30 सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्या मापात 400 किमी म्हणजे जेमतेम एक सेंटीमीटर, करंगळीच्या जाडीएवढं. डोळा तेवढ्यावर नेऊन बघायला मुलांना सांगा. अख्खा गोल दिसणार नाही, हे त्यांचं त्यांनाच कळतं. स्थानक बेळगावच्या डोक्यावर असलं तर क्षितिज सुमारे 2,300 किमीवर असतं. श्रीनगर कसंबसं कडेला येईल, आफ्रिका नाही. 1984 मध्ये राकेश शर्मा आणि 2025 मध्ये शुभांशु शुक्ला गेले, तेही असेच पृथ्वीच्या जवळून फिरले.

अख्खा गोल टिपायचा तर लांब जावं लागतं, आणि सूर्य पाठीमागे हवा. 7 डिसेंबर 1972 रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो 17 या अमेरिकी यानाला दोन्ही जुळून आलं. अंतर सुमारे 29,000 किमी, म्हणजे आपल्या गोलापासून दीड हात. हातात हॅसलब्लाड कॅमेरा. श्रेय यानातल्या सर्नन, इव्हान्स, श्मिट या तिन्ही अंतराळवीरांना द्या. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे, छापताना तो फिरवतात. म्हणून मुलानं उलटा चिकटवला तर रागावू नका.

1968 चा, चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा, अंतराळवीर बिल अँडर्स यांचा फोटो पूर्ण पृथ्वी म्हणून लावू नका. त्यात गोलाचा एक भाग अंधारात आहे. फोटोत चांदण्या नाहीत म्हणून पांढरे ठिपकेही काढू नका. उन्हातली पृथ्वी इतकी उजळ असते की तिच्यासाठी कॅमेऱ्याचं झडप क्षणभरच उघडतात, तेवढ्यात मंद तारे उमटत नाहीत.

दिवाळीच्या रात्रीचा रंगीत भारत तर दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट फ्लेक्सवर जातो. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, दिवे कुठं केव्हा वाढले ते दाखवायला त्यात वेगवेगळे रंग भरलेत. तो लावायचाच असेल तर हे खाली लिहा. खरी गोष्ट दिवाळीपेक्षा कमी रंजक नाही.

‘आपलं गाव कुठं?’ असं मुलं विचारणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा. अपोलो 17 च्या फोटोत आफ्रिका आणि अरबस्तान ठळक आहेत. उत्तर वर ठेवली तर उजवीकडे वरच्या कडेला ढगांचा भोवरा दिसतो, ते त्या आठवड्यात तमिळनाडूवर आलेलं चक्रीवादळ. त्याच्याच वायव्येला, अगदी कडेजवळ, आपला बेळगाव भाग आहे. तिथं एक बारीक बाण काढा.