इन्सुलेशन भरलेल्या भिंतीत सॉकेटची वायर ओढताना या चुका टाळा

"एमसीबी पडत नाही ना, मग वायरिंग ठीकच आहे." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, फक्त करंट बघतो. वायर कशात गाडली आहे, तिची उष्णता बाहेर पडतेय की नाही, हे त्याला काय कळणार? विटांच्या भिंतीत हे बऱ्याचदा खपून जातं. ग्लासवूल किंवा रॉकवूलचं (काचेच्या, दगडाच्या तंतूंचं) इन्सुलेशन भरलेल्या पार्टिशनमध्ये खपत नाही, कारण उष्णता अडवणं हेच त्या मालाचं काम आहे आणि आपण तापणारी वायर नेमकी त्याच्याच पोटात घालतो.

ब्रिटिश वायरिंग नियमांच्या तक्त्यातले आकडे बघा. 2.5 स्क्वेअर एमएमची चपटी पीव्हीसी केबल उघड्या भिंतीवर क्लिपने बसवली तर 27 अँपिअर सोसते. भिंतीच्या आत, पण पार्टिशनवर लावलेल्या जिप्सम बोर्डाच्या आतल्या अंगाला टेकून नेली तर 21. चारही बाजूंनी इन्सुलेशनमध्ये बुडवली तर 13.5. म्हणजे सरळ निम्मी. त्यासाठी अख्खी भिंतभर बुडवायचीही गरज नाही, अर्धा मीटर पुरतो.

एका ओळखीच्या घरात सॉकेटची प्लेट गरम लागायची. वायरमनने सॉकेट बदललं, पुन्हा बदललं, "कंपनी खराब आहे" म्हणाला. त्या सर्किटवर शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन-दोन हजार वॉटचे दोन हीटर रात्रभर चालायचे. म्हणजे साधारण साडेसतरा अँपिअर, वर 20 चा एमसीबी. तो कशाला पडेल? मी सॉकेटचा बॉक्स उघडून बघितला, तर तिथली वायर चांगली दिसत होती, कारण तेवढ्या तुकड्याला हवा मिळत होती. मी बोर्ड कापायला सांगितलं तेव्हा घरमालक नाराज झाले. आतली, ग्लासवूलमध्ये दडपलेली वायर तपकिरी पडली होती आणि वाकवली की वरचं आवरण तडकत होतं. पीव्हीसीची मर्यादा 70 अंश सेल्सिअस. ती वायर थंडीभर रोज रात्री त्याच्या वर जात असणार. आणि सगळे दोष देत होते सॉकेटला!

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. केबल बोर्डाच्या आतल्या अंगाला टेकवून न्यायची आणि ग्लासवूल तिच्या मागे बसवायचं. ग्लासवूलची गादी वायरवर दाबून कोंबायची नाही, हाताने उभी चिरून वायरला वाट द्यायची. बोर्डाला टेकवता येत नसेल तर 4 स्क्वेअर एमएम घालायची. तीही पूर्ण बुडाली तर साडेसतरालाच थांबते, म्हणून तिच्यावर 16 चा एमसीबी. "जाड वायर महाग पडते" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, दुसरा माणूस बघा म्हणतो.

केबल बोर्डाजवळ आली की स्क्रूचा धोका आलाच. त्यावर उपाय एकच: सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी न्यायची. तिरपी नेऊन मीटरभर वायर वाचवणारा माणूस पुढे फोटोफ्रेम टांगणाऱ्याच्या जिवाशी खेळतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) तर हवाच.

दुसरी माझी चीड आणणारी चूक म्हणजे थर्माकोल. पीव्हीसी वायर थर्माकोलला थेट चिकटून ठेवली की वायरमधला मऊपणा देणारा घटक हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतो. थर्माकोल विरघळल्यासारखा आक्रसतो आणि वायर कडक होत जाते. हे दोन दिवसांत दिसत नाही, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. गरम चाकूने थर्माकोलमध्ये खाच पाडून नुसती वायर दाबून बसवलेली मी कितीदा पाहिली आहे, आणि करणाऱ्याला वर "काय सफाई आहे!" अशी शाबासकीही मिळालेली असते. त्या खाचेत आधी कन्ड्यूट पाइप घाला, वायर त्यातून. पाइपमुळे उष्णतेचा प्रश्न सुटत नाही, वायरची जाडी वरच्या हिशेबानेच धरायची.

भिंतीत पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारणारे फार घाईत असतात. वायर मोकळी टाकायची, वरून फोम फवारायचा, झालं. तो फोम घट्ट होताना स्वतःही तापतो, आणि नंतर ती वायर जन्मात ओढून निघत नाही. आधी पाइप, पाइपात ओढदोरी, मग फोम. हा क्रम मी बदलत नाही.

चकचकीत फॉइलच्या इन्सुलेशनला लोखंडी स्टेपल मारू नका. ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये सरकारी इन्सुलेशन योजनेत स्टेपल चालू वायरमध्ये घुसून अख्ख्या फॉइलमध्ये करंट उतरला आणि काम करणाऱ्या तरुण पोरांचा जीव गेला. अॅल्युमिनियम आहे ते, कागद नव्हे.

इन्सुलेशनच्या आत जॉइंट नको. टेप गुंडाळलेला तर नकोच नको. जोड असेल तिथे उघडता येणारा बॉक्स.

पार्टिशनच्या लोखंडी स्टडच्या (उभ्या पट्ट्यांच्या) भोकात रबरी ग्रॉमेट (कडी) बसवा. कडा वायर कापते.

एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बॉक्स बसवू नका. मध्ये इन्सुलेशनला जागाच उरत नाही, पलीकडचं बोलणंही ऐकू येतं.

थंड हवेच्या ठिकाणी बॉक्सच्या भोकातून खोलीतली दमट हवा भिंतीत शिरते आणि आत पाणी धरते. गॅस्केटचा बॉक्स घ्या, वायरच्या भोवती सीलंट भरा. बाष्परोधक पडदा फाडून वायर घातली असेल तर तो पुन्हा टेपने बंद करा.

मेन बंद केल्यावरही टेस्टर लावून बघा. आणि चालू सर्किटच्या बॉक्समध्ये वायर ओढायची स्टीलची स्प्रिंग ढकलणाऱ्यांनी कृपया दुसरा छंद शोधावा.

बोर्ड लावण्याआधी वायरशेजारी मोजायची टेप धरून फोटो काढा. मग 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणाऱ्या यंत्राने) वायर तपासा, सगळी उपकरणं काढून. किमान एक मेगाओहम यायला हवा, नवीन वायर त्याच्या कितीतरी वर दाखवते. बोर्ड लावल्यावर पुन्हा तपासा. आकडा कोसळला असेल तर एखादा स्क्रू वायरमध्ये गेलाय. रंग मारण्याआधी फोटो बघून तो शोधून काढा.