मोडीतले बिल्ले

आर्वीकडच्या एका गावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीआधी लोक फुटकं पितळ मोडीत देतात आन् नवा गुंड, नवा गंज घेऊन जातात. मोडीच्या पोत्याच्या तळाशी काय काय निघतं! जिनिंगवर कापसाच्या गाडीला मिळायचा तो नंबरचा बिल्ला, कोणाच्या तरी आजोबाच्या पट्ट्यावरची चपरास म्हणजे शिपायाचा पितळी बिल्ला, शंकरपटातलं म्हणजे बैलांच्या शर्यतीतलं पदक, वायसर म्हणून वापरलेला भोकाचा पैसा. हा पैसा १९४३ ते १९४७ मधला. लढाईच्या दिवसांत धातू वाचवायला मधे भोक ठेवलं होतं. भट्टीत जायच्या आधी हे बाजूला काढायचं, एवढाच माझा नाद.

तुम्हाला सुरू करायचं तर आधी भंगारवाल्याशी ओळख करा. किलोच्या भावापेक्षा दहा-वीस रुपये जास्त टेकवा, पुढच्या वेळी तो स्वतः फोन करतो. वस्तू हातात आली की लगेच विचारा, कोणाची, कुठली? आणि त्याच दिवशी वहीत लिहा. बिल्ल्यावर बहुतेक वेळा नुसता आकडा असतो. ४७ नंबर कोणत्या जिनाचा, हे देणारा म्हातारा गेला की सांगायला कोणी उरत नाही. माझ्याकडे असे अकरा मुके बिल्ले पडून आहेत.

घासायचं मात्र नाही. पहिल्याच वर्षी मी एक बिल्ला चिंच-राखेनं लखलखीत केला. हाताला भांड्याची सवय! आकडाच पुसला. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, बस. अक्षर लागत नसेल तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. ठेवायला कागदी पाकिटं घ्या. स्वस्त पीव्हीसी पाकिटात पितळेवर हिरवा चिकटा धरतो.

नांगराला लागून जमिनीतून काही निघालं तर मात्र ते पिशवीत टाकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला होता, म्हणजे आपल्याकडे हे काही गमतीचं नाही.

आता रामदरबाराचं नाणं. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा घेऊन आला. एका बाजूला राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८.

"काकू, याचे लाख देतेत म्हंते मोबाइलवर. तांदूळबी ओढते."

जादूचं नाणं तांदूळ खेचतं ही थाप तपासायला मी ताटात तांदूळ टाकले. एक दाणा हलला नाही.

"अरे बाप्पा, कंपनीनं रामदरबार कधी पाडला नाही. इंग्रजांचं एक आण्याचं नाणं १९०७ पासूनचं. हा पूजेसाठी विकायचा टाक आहे, याला रामटंका म्हणतात." लाखाच्या आधी कोणी नोंदणीचे पैसे मागत असेल तर फोन ठेव, असंही सांगितलं, रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये याच फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. त्याला पटलं नाही, नाणं खिशात घालून गेला.

पोळ्याला परत आला आणि गुपचूप मोडीच्या तराजूत टाकलं. मी काढून घेतलं, वहीत लिहिलं: रामटंका, पितळ, नवा, आणणाऱ्यानं किंमत एक लाख सांगितली, दिले तीस रुपये.