ओओएमचं भांडण आलं की आधी लॉग मागा

मशीनची मेमरी संपली (आउट ऑफ मेमरी, म्हणजे ओओएम) की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या 'ओओएम-किलर'करवी एखादी चालू प्रोसेस मारतो. मग "कर्नलने आमची प्रोसेस मारली" असं अ‍ॅपवाले म्हणतात, "तुमचंच काहीतरी लीक होत असणार" असं प्लॅटफॉर्मवाले. अशी जुंपली की मी दोघांकडे एकच गोष्ट मागते: डी-मेसेजचा, म्हणजे कर्नलच्या लॉगचा, आउटपुट. शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट नको, पूर्ण पाहिजे.

'इन्व्होक्ड ओओएम-किलर'च्या आधी जे नाव दिसतं, ती मेमरी मागणारी प्रोसेस. मेलेली खाली, 'किल्ड प्रोसेस'च्या पुढे असते. पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) मागितलं बॅकअपच्या स्क्रिप्टने आणि जीव गेला डेटाबेसचा, असं सर्रास होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणा हवं तर, पण किलर मुख्यतः कोण किती मेमरी धरून बसलंय ते बघतो.

'इन्व्होक्ड'च्याच ओळीत 'ऑर्डर' असते, म्हणजे सलग किती पानं मागितली ते, 2 च्या घातात. 0 म्हणजे एक पान, नेहमीच्या इंटेल मशीनवर 4 केबी. ऑर्डर 3 म्हणजे सलग 8 पानं. त्याहून मोठी मागणी सहसा कुणाला न मारता नुसती फेल होते. तेव्हा मेमरी संपली नसून तिचे तुकडे झालेत का, ते बडीइन्फोत (मोकळ्या सलग तुकड्यांच्या यादीत) बघा.

'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' दिसलं (सीग्रुप म्हणजे प्रोसेसचा गट, त्याला स्वतःची मर्यादा असते), तर 'फ्री' कमांडचे, म्हणजे अख्ख्या मशीनच्या मोकळ्या मेमरीचे, आकडे नाचवू नका. मशीनवर जागा असेल, कंटेनरची मर्यादा संपली आहे. 'किल्ड प्रोसेस'च्या ओळीतलं टोटल-व्हीएम (नुसती मागून ठेवलेली जागा) बघून कुणी ओरडलं तर शेजारचा अ‍ॅनन-आरएसएस दाखवा. खरी रॅम तिथे कळते.

एवढं करूनही वाद उरला, तर तो बहुधा बगचा नसतो, नियम काय ठरला होता याचा असतो. 2014 च्या अखेरीस लिनक्समध्ये हेच झालं. 8 पानांपर्यंतची मागणी कर्नल सहसा नाकारत नाही, वाट बघत राहतो, हे मेमरीवाल्यांच्या (कर्नलचा मेमरीचा भाग लिहिणाऱ्यांच्या) अंगवळणी पडलेलं. एक्सएफएस या फाइलसिस्टिमचे (डिस्कवर फाइल्स सांभाळणाऱ्या भागाचे) डेव्ह चिनर मात्र मागणी फेल होऊ शकते असं धरून चालले होते. कर्नल डेव्हलपर टेत्सुओ हांडा यांनी दाखवलेली अडचण अशी: एक प्रोसेस फाइलसिस्टिमचं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरून मेमरीची वाट बघतेय, आणि किलरने निवडलेली प्रोसेस त्याच लॉकसाठी अडकलीय. ती मरेना, मेमरी सुटेना. यावरचा एक उतारा, ओओएम रीपर, 2016 मध्ये 4.6 आवृत्तीत आला: बळीची मेमरी तो मरायची वाट न बघता काढून घ्यायची.

म्हणून रिपोर्टमध्ये "कर्नल चुकतोय" लिहू नका. "ही मागणी फेल होऊ शकते असं आम्ही धरलं होतं, तुम्ही काय धरलंय?" असं विचारा. सोबत कर्नलची आवृत्ती, पूर्ण लॉग आणि घोळ पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्राम द्या. मेमरीवाले आणि फाइलसिस्टिमवाले, दोघांनाही एकाच मेलमध्ये घ्या. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

दरम्यान डेटाबेसचा ओओएम-स्कोअर-अ‍ॅडज -1000 करून (म्हणजे किलरने त्याला हात लावू नये असं सांगून) मोकळं व्हायचा मोह होईल. करा, पण मग किलर दुसरा कुणीतरी शोधणार, हे त्या दुसऱ्या टीमला आधी कळवा.